वरमाईच्या नावाची पावती

ताई, नमस्कार.

मी घणसोली गावातली. मुलाचं लग्न २६ जानेवारीला आहे. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून ती तारीख धरली. हळद आदल्या रात्री, २५ला. घरासमोर मांडव घालायला आता जागा उरली नाही, चारी बाजूंनी इमारती झाल्या. म्हणून पालिकेचं सभागृह घेतलं. पैसे मी भरले, पावती माझ्या नावावर आहे. हमीपत्रावर सही करताना वाचलं, तर त्यात स्पष्ट लिहिलंय की सभागृहात आणि आवारात मद्यपान करायचं नाही, आढळलं तर अनामत जप्त आणि वर कारवाई.

घरी येऊन सांगितलं तर धाकटे दीर हसले. म्हणाले, ‘वयनी, हलद सुकी कराची त मंग मानसा बोलवाची कशाला?’ त्यांचं म्हणणं, वाइन शॉपमध्ये पाच रुपयांचं परमिट मिळतं, ते घेतलं की सगळं कायदेशीर. बाटल्या त्यांचा मित्र मिलिटरी कॅन्टीनमधून आणणार आहे, स्वस्त पडतात. केटरर म्हणतो, हॉलला मागच्या बाजूला खोली आहे, तिथे सोय करू, बाहेर कळणार नाही. अगदीच अडलं तर टेम्पो बाहेर रस्त्यावर उभा करायचा. सासूबाईंना हळदीच्या दिवशी देवाला दारूची वाटी दाखवायची असते, त्याही दिरांच्याच बाजूने आहेत. जाऊ म्हणते, गावात तुम्हीच एकट्या नियम पाळणाऱ्या.

मुलाचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. कशाने गेले ते गावाला माहीत आहे.

माझा प्रश्न एवढाच, की पालिकेकडून किंवा पोलिसांकडून एका रात्रीची परवानगी काढता येते का? येत असेल तर मी पैसे भरून टाकते, कटकट नको. येत नसेल तर दिरांना काय सांगू? लग्नघरात भांडण नको आहे.

– नवऱ्यामुलाची आई

* * *

वरमाई,

पत्राखाली नाव घातलं नाहीत, म्हणून मी तुम्हाला वरमाईच म्हणणार. मांडवात तुम्हाला कुठे बसवतील, मुलाला पहिली हळद कोण लावेल, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला अंदाज आहे. पण पावतीवर नाव तुमचं आहे, आणि या पत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तिच्याकडे येतेच. आधी तुमच्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देते. तुम्ही घेतलेल्या सभागृहासाठी अशी परवानगी मिळणार नाही. तुम्ही कितीही पैसे भरायला तयार असलात तरी.

नोकरीची बरीच वर्षं मी ठाणे जिल्ह्यातल्या एका पालिकेत सभागृहांच्या नोंदणीच्या खिडकीमागे काढली. वर्षात दहा-बारा जण तरी हाच प्रश्न घेऊन यायचे. ‘मॅडम, वेगळी फी असेल तर सांगा ना.’ लोकांना वाटतं, मांडवाची परवानगी पालिका देते, हॉल पालिका देते, तर दारूचीही तीच देत असेल. पालिकेला तो अधिकारच नाही. दारू हा राज्याचा विषय. त्याचा कायदा १९४९चा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, आणि तो राबवतं राज्य उत्पादन शुल्क खातं. बोलीभाषेत एक्साइज. नाव नीट बघा, दारूबंदी अधिनियम. आपल्या राज्यात कायद्याची पाटी अजून बंदीचीच आहे, आणि दुकान, परमिट रूम, क्लब, तुमच्या दिरांचं पाच रुपयांचं परमिट, हे सगळं त्या बंदीतून दिलेली सूट आहे. त्यामुळे इथे ‘कुठे लिहिलंय की पिऊ नये’ असं विचारून चालत नाही. कुठे, कुणाला आणि किती वेळ पिण्याची सूट लिहून दिली आहे, ते दाखवावं लागतं.

पालिकेच्या हातात उरतं ते जागामालकाचं काम. हॉल तिचा, अटी तिच्या. तुमच्या आमच्या सोसायटीचा कमिटी हॉल असतो तसंच. एक्साइजकडून एका कार्यक्रमापुरता एक दिवसाचा परवाना मिळतो, हे दिरांनी कुणाकडून तरी ऐकलं असेल आणि ते खरं आहे. खासगी लॉन, बँक्वेट हॉल, रिसॉर्टवाले तो काढतातही. पण तो अमुक जागेसाठी, अमुक तारखेसाठी असतो आणि त्याला जागामालकाची संमती लागते. तुमच्या जागेच्या मालकाने तर हमीपत्रावर तुमच्याकडूनच लिहून घेतलंय की पिणार नाही. दार तिथेच बंद झालं. पोलिसांकडे जाऊन ते उघडत नाही, कारण पोलीस लाउडस्पीकरची आणि बंदोबस्ताची परवानगी देतात, दारूची नाही. नगरसेवकाची चिठ्ठीही उपयोगाची नाही. चिठ्ठ्या मी खूप पाहिल्यात. त्यांच्यावर ‘सहकार्य करावे’ असं लिहिलेलं असतं. काय सहकार्य करावं, ते कधीच लिहिलेलं नसतं.

आता पाच रुपयांच्या परमिटाचं. दिरांचा सगळा भरवसा त्यावर आहे आणि निम्म्या जिल्ह्याचा गैरसमजही तोच आहे. दुकानात मिळणारं एक दिवसाचं परमिट, विदेशी मद्याला पाच रुपये आणि देशीला दोन, हे पिणाऱ्या माणसाचं असतं. एका माणसाला त्या दिवशी दारू बाळगायची आणि प्यायची मुभा. वर्षाचं शंभर रुपयांचं आणि आयुष्यभराचं हजार रुपयांचं मिळतं, तेही त्या एकट्या माणसाचंच. ते खिशात असलं म्हणजे दोनशे पाहुण्यांना पाजण्याचा अधिकार आला, असं होत नाही. जसं गाडी चालवायचं लायसन्स असलं म्हणून कुणी एसटी काढून प्रवासी भरायला लागत नाही. शिवाय परमिटाला वय लागतं. बिअर आणि वाइनला २१ पूर्ण, बाकी कडक दारूला २५. हळदीत डीजेपुढे सगळ्यात पुढे कोण नाचतं? अकरावी-बारावीची पोरं. त्यांच्या हातात ग्लास कुणी दिला हे दुसऱ्या दिवशी कुणीच सांगत नाही.

कॅन्टीनच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. त्या जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी, त्यांच्या कोट्यातल्या असतात, आणि बाटलीवर तसं छापलेलं असतं. लग्नात त्या सापडल्या तर मित्राचं कार्डही अडचणीत येतं. मित्राला आधी एवढं विचारायला सांगा, की तू तुझ्या नावावर किती बाटल्या घेणार आहेस? आणि कॅन्टीनचं जमलं नाही म्हणून कुणी ‘मग गावठी आणू’ म्हणालं, तर तिथल्या तिथे उठून जा. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ते काही लांब नाही.

मागच्या खोलीचं केटररला सुचलं. केटररला काय जातंय! पण त्याने माणशी दर लावून त्यात दारू धरली, किंवा ग्लास-बर्फ-सोड्याचे वेगळे पैसे लावले, तर गोष्ट फारच बिघडते. ज्या जागेत कमाईसाठी पिऊ दिलं जातं ती कायद्याच्या भाषेत गुत्ता ठरू शकते. गुत्ता चालवणाऱ्यावर कलम ६८ आणि तिथे पिताना सापडणाऱ्यांवर कलम ८४ लागतं. ढाब्यांवर धाडी पडल्या की बातमीत जी दोन कलमं वाचतो, तीच ही. म्हणजे तुमच्या मामेसासऱ्यांचं नाव ढाब्यावरच्या गिऱ्हाइकांसारखं यादीत लागणार. केटररला अजून विसार दिला नसेल तर मी त्याला बदललं असतं. ज्याला पालिकेच्या हॉलची मागची खोली पाठ आहे, त्याला मटणाचा हिशेबही तसाच पाठ असेल. हा माझा पूर्वग्रह समजा.

टेम्पोची युक्ती त्याहून कच्ची. रस्ता, पार्किंग, मैदान, तळ्याचा काठ ही सगळी सार्वजनिक जागा, आणि तिथे दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यावर कलम ८५ आहेच. ‘गाडी आपली आहे, काच वर केली की खासगी’ असं पोरं म्हणतात. डिकी उघडून बार लावण्याची फॅशनच आलीय. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका प्रकरणात सांगितलं, की सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडी ही सार्वजनिक जागेत मोडू शकते. निकाल बिहारच्या कायद्यावरचा होता, आपल्या नाही. पण रात्री अकराला फौजदारापुढे उभं राहून तो फरक समजावून सांगण्याची दिरांची तयारी आहे का, ते विचारा.

तुमच्या तारखेतही एक गंमत आहे, बहुतेक कुणाच्या लक्षात आली नसेल. २५ जानेवारीच्या रात्री बाराचा ठोका पडला की प्रजासत्ताक दिन सुरू. तो कोरडा दिवस, म्हणजे ड्राय डे. हळद बाराच्या आत कधी आटोपलीय का? म्हणजे जिथे रीतसर परवाना मिळाला असता, त्या जागेतसुद्धा मध्यरात्रीनंतर ग्लास उचलता आला नसता. वाइन शॉप २६ला बंद, म्हणून लोक २५ला दुप्पट बाटल्या भरून ठेवतात. कायद्याने साठ्यालाही मर्यादा आहे, आणि कोरड्या दिवसाच्या आदल्या रात्री एक्साइजची माणसं झोपलेली नसतात.

अजून एक, जे खिडकीमागे बसून शिकले. हळदीतली दारू बहुधा दारूमुळे पकडली जात नाही, डीजेमुळे पकडली जाते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे आहेत आणि त्यांत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. ते दिवस गणपती-नवरात्रीसारख्या सणांचे असतात, तुमच्या आमच्या हळदीचे नसतात. तुम्हीच लिहिलंत, चारी बाजूंनी इमारती झाल्या. त्या इमारतींत दहावीची पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत, आणि प्रत्येकाच्या हातात फोन आहे. सव्वादहाला कुणी तरी ११२ फिरवतं. पोलीस येतात ते आवाज बंद करायला. आले की आवारात फिरतात, मागच्या खोलीचं दार लोटतात. आणि मग पहिला प्रश्न एकच असतो. हॉल कुणाच्या नावावर घेतलाय?

इथे मी त्या पावतीकडे येते.

माझ्या खिडकीवर एक आजोबा यायचे. पांढरा लेंगा, टोपी, हातात पिशवी. नातवाच्या हळदीसाठी हॉल त्यांच्या नावावर घेतला होता, कारण ज्येष्ठ माणसाच्या नावाने लवकर मिळतो अशी कुणी तरी आवई उठवली होती. हळदीच्या रात्री आजोबा साडेआठला दोन घास खाऊन घरी जाऊन झोपले. साडेअकराला पार्किंगमध्ये मारामारी झाली, बाटल्या फुटल्या, एका पोराचं डोकं फुटलं. पोलिसांनी पावतीवरचं नाव विचारलं आणि आजोबांना झोपेतून उठवून चौकीत नेलं. ते कधीच प्यायलेले नव्हते, माळकरी होते. अनामत जप्त झाली ती झालीच. तिच्यासाठी ते माझ्याकडे तीन वेळा आले. मी नियम सांगायचे, ते मान हलवायचे आणि पुढच्या महिन्यात परत यायचे. ज्या पुतण्याने पेट्या आणल्या होत्या, तो खिडकीवर एकदाही आला नाही. मला अजून वाटतं, ते पैशांसाठी येत नव्हते. कुणी तरी सरकारी माणसाने ‘तुमची चूक नव्हती’ म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी ते म्हटलं नाही. खिडकीमागे बसलं की ते सुचत नाही.

तेव्हा वरमाई, दिरांशी दारूवर वाद घालू नका. त्या वादात तुम्ही हरणार, कारण त्यांच्याकडे परंपरा आहे, मान आहे, ‘गाव काय म्हणेल’ आहे, आणि तुमच्याकडे एक छापील हमीपत्र. ते हमीपत्र आणि पावती त्यांच्यापुढे ठेवा. चहा द्या. आणि म्हणा, ‘भाऊजी, तुमचं बरोबर असेल. मग नोंदणी तुमच्या नावावर करू. ही अट आहे, तिच्याखाली सही तुमची. मी उद्या कार्यालयात जाऊन विचारते, नाव बदलून मिळतं का ते.’ नाव बदलून मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न, बहुतेक ठिकाणी मिळत नाही. तुम्हाला बघायचंय ते इतकंच, की पेन हातात घेताना त्यांचा हात थांबतो का. माझ्या अनुभवात थांबतो. पाच रुपयांच्या परमिटावर सगळं कायदेशीर आहे म्हणणारा माणूस स्वतःची सही करायची वेळ आली की म्हणतो, ‘बघू, एवढी काय घाई आहे.’ तुम्ही मात्र तेव्हा हसू नका. दिराचा चारचौघांत पाणउतारा झाला तर तो वर्षानुवर्षं निस्तरत बसावा लागतो. म्हणून हे जावेसमोर नको, पोरांसमोर नको. एकटे असताना बोला.

आणि त्यांना काही तरी करायला द्या. हा माझा सगळ्यात व्यवहारी सल्ला. हळदीची दारू ही पुष्कळदा कर्त्या पुरुषाची जबाबदारी दाखवण्याची जागा असते. ‘माझ्या पुतण्याच्या हळदीत काही कमी पडलं नाही,’ हे त्यांना गावाला दाखवायचंय. भाऊ गेल्यानंतरचं घरातलं हे पहिलं कार्य असेल, तर ते आणखीच. ती हौस काढून घेतलीत तर तिच्या जागी दुसरी द्यावी लागेल. मटणाचं सगळं त्यांच्याकडे सोपवा. बकरे कुठून, भाकऱ्या करणाऱ्या बायका किती, पंगत कशी बसवायची. बँड त्यांनाच ठरवू द्या. लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणारी धवलारीण आणायला त्यांनाच पाठवा. साडेसातला पहिली पंगत बसली आणि जेवण झणझणीत असलं, तर दहा वाजेपर्यंत निम्मा गाव तृप्त होऊन घरी गेलेला असतो. पिणारी मंडळी उशिरा उगवतात. तोवर हॉलचे दिवे निम्मे मालवलेले असले, की ती आपोआप पांगतात.

तुमच्या पत्रात सासूबाईंची वाटी आहे. तिला माझा काही विरोध नाही. ती जुनी रीत आहे, दिरांच्या टेम्पोच्या कितीतरी आधीची. ती वाटी घरच्या देवाला, घरात, मांडवाला निघण्याआधी दाखवा. रीतसर विकत घेतलेली एक बाटली, पावतीसह, आणि ज्यांच्या नावावर ती आणाल त्यांचं परमिट. सासूबाईंचा मान राहतो आणि हॉलशी तिचा संबंध येत नाही. पण दीर त्या वाटीचा आधार घेऊन दहा पेट्यांचं समर्थन करू लागले, तर सासूबाईंनाच विचारा, त्यांच्या लग्नात देवाला किती पेट्या लागल्या होत्या. मला नवी मुंबईची जुनी माणसं सांगतात, की शेतं गेली, त्यांच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले, हातात पैसा आला, तेव्हापासून हळदी वाढत गेल्या. पूर्वी ताडीचं मडकं असायचं आणि धवलारीण पहाटेपर्यंत गायची. आता तिचा आवाज डीजेखाली ऐकूसुद्धा येत नाही. यात दोष कुणाचा, ते मी इथे ठरवत बसणार नाही.

‘गावात तुम्हीच एकट्या’ हे जावेचं म्हणणं मात्र खरं नाही. ठाणे आणि रायगड पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांतून हळदीतल्या दारू-डीजेवर गावकीने बंदी घातल्याच्या बातम्या गेली काही वर्षं येत आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यामागे महिला मंडळं आहेत. तुमच्या गावच्या महिला मंडळात दोन-चार जणींशी बोलून बघा. तुमच्यासारखं घर त्यांच्यातही असेल. तुम्ही एकट्या नाही हे कळलं तरी बोलताना आवाज बदलतो. पत्रिकेवर मात्र ‘मद्यपान करून येऊ नये’ असली ओळ छापू नका. पाहुण्याला दारातच गुन्हेगार ठरवल्यासारखं वाटतं. ‘हळदी समारंभ सायंकाळी ६ ते १०’ एवढं पुरे. पत्रिका छापून झाल्या असतील तर व्हॉट्सअपवर वेळ कळवा. वेळेवरूनच लोक काय ते ओळखतात.

एवढं करूनही दीर हट्टालाच पेटले, तर त्यांना हवं ते त्यांनी वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी, स्वतःच्या नावावर करावं. परमिट रूमचा परवाना असलेलं हॉटेल, पंचवीस-तीस जवळची माणसं, बिल त्यांच्या नावावर. तिथे परवान्याची, वेळेची जबाबदारी हॉटेलवाल्याची. हे पूर्ण कायदेशीर आहे आणि त्यात तुम्ही आडवं येण्याचं कारण नाही. २५ तारखेला नको, हे मात्र आग्रहाने सांगा. मुलाच्या ऑफिसची मित्रमंडळी येऊरला बंगला घेऊन पार्टी म्हणत असतील, तर त्यांनाही सांगा, की येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. तिथे रात्री गोंगाट आणि बाटल्या हा गावकऱ्यांचा आणि बिबट्यांचा, दोघांचाही छळ आहे. आणि कुठेही प्यायले तरी परत येताना गाडी कोण चालवणार हे आधी ठरलेलं असू दे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ठाणे-बेलापूर रस्ता आणि पामबीच रात्री मोकळे असतात, म्हणूनच तिथे अपघात मोठे होतात. लग्नाच्या आदल्या रात्री कुणाच्या आईला तसा फोन यायला नको.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. तुमच्या पत्रात दीर बोलतात, जाऊ बोलते, सासूबाई आहेत, केटररसुद्धा बोलतो. ज्याची हळद आहे, तो मुलगा कुठेच नाही. त्याला काय वाटतं? सहा वर्षांपूर्वी तो वीस-बावीसचा असेल. बाप कशाने गेला ते गावाला माहीत आहे, असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे त्यालाही माहीत आहे. आपल्या हळदीत काका ग्लास भरतायत आणि आपण पाटावर पिवळे होऊन बसलोय, हे त्याला खरंच हवंय का? कदाचित हवंही असेल, मित्रांपुढे लाज वाटत असेल, तरुण मुलगा आहे. पण कदाचित तो तुमच्या बोलण्याची वाट बघत असेल, जशा तुम्ही त्याच्या. दिरांना पावती दाखवण्याआधी मुलाशी बोला. तो ‘आई, नको’ म्हणाला तर निम्मं काम झालंच, आणि काकांना सांगायचं कामही त्यालाच करू द्या. पुतण्याच्या तोंडून ‘काका, माझ्या हळदीत नको’ हे शब्द आले तर दिरांनाही मागे हटायला वाट मिळते. गावाला सांगता येतं, ‘पोराची इच्छा होती.’ वहिनीपुढे माघार घेतली, असं दिसत नाही. जमलं तर होणाऱ्या सुनेलाही विचारा. तिच्या माहेरचीही माणसं त्या रात्री येणार असतील.

शेवटची कामं. २५ला दुपारी हॉल ताब्यात घेताना मागची खोली, टेरेस आणि पार्किंग सगळं स्वतः फिरून बघा, फोटो काढा. आधीच्या कार्यक्रमाच्या बाटल्या कोपऱ्यात सापडल्या तर तिथल्या तिथे कर्मचाऱ्याला दाखवा आणि त्याच्या वहीत नोंद करून घ्या. नाही तर दुसऱ्या दिवशी त्या तुमच्या नावावर जातात. मागच्या खोलीची किल्ली मागून घ्या आणि तुमच्याच कनवटीला ठेवा. पावती दिरांकडे ‘सांभाळायला’ देऊ नका. अनामत परत घेताना मूळ पावती मागतात, झेरॉक्सवर पैसे सुटत नाहीत.